ऑस्टिनजवळची फॉस्टरवर चालणारी नो-किल डॉग रेस्क्यू : अनुभव कसा आला आणि जाण्याआधी काय विचारावं

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच. संस्थेचं नाव इथे टाकत नाहीये, मोजकी माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे सगळं चालवतात आणि एकदम सगळ्यांनी फॉर्म भरले तर त्यांचीच पळापळ होते, ज्यांना खरंच कुत्रा फॉस्टर करायचाय (म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळायचाय) किंवा कायमचा घ्यायचाय त्यांनी मला मेसेज करा, मी जोडून देते. हे मुख्यतः टेक्सासातल्या ऑस्टिन, राउंड रॉक, सीडर पार्क या पट्ट्यातल्या आपल्या लोकांसाठी लिहितेय, कारण दर दिवाळीच्या कार्यक्रमात कोणीतरी विचारतंच की तुम्ही ते कुत्रे घरी आणता आणि परत देऊन टाकता ते नक्की काय प्रकरण आहे, त्याचे पैसे मिळतात का, आणि हे नो-किल नो-किल म्हणतात म्हणजे बाकीचे मारतात की काय.

तर हो, मारतात. आपल्याकडे चित्रच वेगळं असल्यामुळे हे पटकन पचत नाही. भारतात कुत्रा रस्त्यावर असतो, गल्लीतलीच दोन घरं त्याला पोळी घालतात, आणि २००१ च्या नियमांपासून पालिकेने त्याला पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि परत त्याच भागात सोडायचं अशी पद्धत आली, २०२३ च्या नव्या नियमांतही मूळ गाभा तोच. ते नीट होतं की नाही हा वेगळा विषय. इथे मोकळा कुत्रा दिसला की तो ॲनिमल कंट्रोलच्या, म्हणजे मोकळे प्राणी पकडणाऱ्या सरकारी खात्याच्या, गाडीतून थेट शेल्टरमध्ये जातो, मालक येतो का बघायला थोडे दिवस थांबतात, टेक्सासात बऱ्याच ठिकाणी जेमतेम तीन, आणि त्यानंतर त्याचं काय करायचं ते शेल्टर ठरवतं. पिंजरे भरलेले असले तर कोणाला मारायचं याची यादी निघते. आजारी, म्हातारेच असतात असं नाही त्यात, दीड-दोन वर्षांचा धडधाकट, माणसाला बघून शेपूट हलवणारा कुत्रा सुद्धा केवळ जागा नाही म्हणून त्या यादीत जातो. बेस्ट फ्रेंड्स म्हणून युटातल्या कनाब गावची मोठी संस्था आहे, ती १९८४ मध्ये सुरू झाली तेव्हा देशभरात वर्षाला साधारण १ कोटी ७० लाख कुत्री-मांजरं शेल्टरमध्ये मारली जात होती असा त्यांचा अंदाज आहे, आणि आता त्यांच्याच हिशोबाने तो आकडा चार लाखांच्या आसपास आलाय.

हा फरक आपोआप पडलेला नाही. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे रिचर्ड अव्हान्झिनो यांनी शहराच्या ॲनिमल कंट्रोलशी करारच केला की ॲडॉप्ट होण्यासारखा एकही कुत्रा किंवा मांजर तुम्ही मारायचं नाही, तुम्हाला ठेवता येत नसेल तर आम्ही घेतो. आपल्या ऑस्टिनमध्ये सिटी कौन्सिलने २०१० मध्ये नो-किलचा आराखडा मंजूर केला आणि २०११ मध्येच शहर ९० टक्क्यांच्या पुढे गेलं, म्हणजे शेल्टरमध्ये आलेल्या शंभरातले निदान नव्वद जिवंत बाहेर पडतात, २०१९ मध्ये तेच टार्गेट ९५ वर नेलं. यामागे ऑस्टिन पेट्स अलाइव्हचं काम फार मोठं, डॉ. एलन जेफरसन यांनी २००८ मध्ये ती संस्था नव्याने उभी केली आणि शहराच्या शेल्टरमध्ये जे मारायच्या यादीवर होते नेमके तेच उचलायला सुरुवात केली, पार्व्हो हा जीवघेणा संसर्ग झालेली पिल्लं सुद्धा, ज्यांना तोपर्यंत बहुतेक ठिकाणी उपचार न करताच संपवायचे. नो-किलचं मर्म मला तरी इथेच दिसतं. गोंडस पिल्लू उचलायला कोणीही तयार असतं, यादीत सगळ्यात खाली जो आहे त्याला कोण उचलतं ते बघायचं.

आता तुम्ही म्हणाल ऑस्टिन नो-किल आहे तर मग वेगळी रेस्क्यू कशाला. एक तर शहराचं शेल्टर सुद्धा गेल्या काही वर्षांत इतकं भरलंय की मध्ये मध्ये इमर्जन्सी सोडून नवीन कुत्री घेणंच बंद करावं लागलं होतं. आणि शहराची हद्द ओलांडून तास-दीड तास बाहेर गेलं की लहान काउंटीची शेल्टर लागतात, थोडेसे पिंजरे, एक-दोन माणसं, व्हेट रोजचा नाही, तिथे यादी अजून निघते. आमची रेस्क्यू मुख्यतः अशा ठिकाणांहून कुत्रे काढते. शेल्टर रेस्क्यूवाल्यांना फोटो आणि डेडलाइन पाठवतं, रेस्क्यूने कुत्रा टॅग केला म्हणजे हा आमचा असं लेखी कळवलं की तो यादीतून निघतो, मग ट्रान्सपोर्टवाला व्हॉलंटियर जाऊन त्याला घेऊन येतो. या पहिल्या प्रवासाला सगळे फ्रीडम राइड म्हणतात, मागच्या सीटवर टॉवेलवर झोपलेल्या कुत्र्याचा फोटो ग्रुपवर आला की एकदम बरं वाटतं.

रेस्क्यूची स्वतःची इमारत नाही, एकही पिंजरा नाही. सगळे कुत्रे आमच्यासारख्यांच्या घरात. त्यामुळे जितकी घरं तितकेच कुत्रे, आणि हा नियम ते कसा पाळतात यावर माझे साडेचारातले निम्मे स्टार आहेत. कोऑर्डिनेटर बाईंनी पहिल्याच कॉलवर सांगितलं होतं की घर पक्कं झाल्याशिवाय आम्ही टॅग करत नाही, कितीही वाईट वाटलं तरी. ऐकायला कठोर वाटतं. ग्रुपवर रात्री फोटो येतो, उद्या सकाळची डेडलाइन, आणि कोणाकडेच जागा नाही, तेव्हा त्या लिहितात की आज आपण याला घेऊ शकत नाही, इतर रेस्क्यूंना कळवलंय. मला सुरुवातीला फार त्रास व्हायचा. पण याच्या उलट मी जवळून बघितलंय. आधी ज्या एका ठिकाणी व्हॉलंटियर म्हणून जायचे (नाव नको) तिथे प्रत्येकाला हो म्हणायचे आणि कुत्रे मग पैसे भरून बोर्डिंग केनेलमध्ये ठेवायचे, महिनोन् महिने, काही तर वर्षाच्या वर. दिवसातून दोनदा बाहेर काढायचे, बाकी वेळ सिमेंटची फरशी आणि शेजारच्यांचं भुंकणं. आत आला तेव्हा चांगला खेळकर असलेला कुत्रा जागच्या जागी गोल गोल फिरायला लागला, दाराला नाक घासून घासून नाकावरची केसं गेली, मग येणारे लोक त्याला बघून म्हणायचे हा वेडसर दिसतो, आणि त्याचं ॲडॉप्शन अजूनच लांबायचं. कागदावर ती जागा पण नो-किलच होती बरं का, एकही कुत्रा मेला नाही म्हणून. त्या कुत्र्याला वाचवला असं मी तरी म्हणणार नाही.

म्हणून कोणतीही रेस्क्यू ९८ टक्के, ९९ टक्के असे आकडे दाखवत असेल तर लगेच भारावून जाऊ नका. शहराच्या शेल्टरला दारात येईल तो घ्यावा लागतो, त्यांचा ९० टक्के खरा घामाचा आहे. रेस्क्यू निवडून घेते, फक्त पिल्लं आणि लहान पांढरे गुबगुबीत कुत्रे घेतले तर शंभर टक्के सहज येतील. विचारायचं असेल तर हे विचारा की मोठे काळे कुत्रे किती घेता, हार्टवर्म पॉझिटिव्ह घेता का, म्हातारे घेता का, आणि कुत्रा चावला तर काय करता. आमच्या रेस्क्यूने या चारही प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, वेबसाइटवरचं पाठ केलेलं नाही, आत्ता कोणता कुत्रा कोणाकडे आहे त्यासकट.

हार्टवर्मचं सविस्तर सांगते कारण टेक्सासात यावरच गाडी अडते. डासांमधून पसरणारे जंत असतात, हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढतात, शेवयांसारखे लांब, मादी तर फूटभर सुद्धा होते. इथल्या उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या कुत्र्याला हे व्हायला वेळ लागत नाही, महिन्याची एक गोळी दिली तर टळतं पण ती कोणी दिलेली नसते. शेल्टरमध्ये टेस्ट पॉझिटिव्ह आली की ॲडॉप्ट करणारे मागे सरतात, प्रायव्हेट व्हेटकडे उपचाराला सहज हजार डॉलरच्या वर जातात, आणि मग त्याचं नाव यादीत वर सरकतं. आमच्याकडे आलेला पहिला कुत्रा असाच, काळा, शेफर्ड मिक्स, शेल्टरने कुठलंतरी केकचं नाव ठेवलेलं, घरी तो पहिल्याच संध्याकाळी काळू झाला.

उपचार सरळ असतो पण लांबलचक. आधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, सोबत महिन्याची प्रतिबंधक गोळी, मग काही आठवडे थांबायचं, मग कमरेच्या स्नायूत खोल एक इंजेक्शन, महिन्याने परत दोन, लागोपाठ दोन दिवस. आणि या सगळ्या काळात, शेवटच्या इंजेक्शननंतरचे दीड-दोन महिने धरून, कुत्र्याने पळायचं नाही. मेलेले जंत तुटून फुप्फुसात अडकतात, हृदयाचे ठोके वाढले की धोका वाढतो, म्हणून क्रेटमध्ये, म्हणजे घरातल्या त्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात, आराम आणि शी-शूला फक्त लीशवर. तरुण शेफर्डला बसवून ठेवायचं म्हणजे काय ते करून बघा. खारूताई दिसली की अंगाला कंप सुटायचा त्याच्या, पण लीश आखूड धरून उभं राहायचं, काळू बस, काळू बस. इंजेक्शन घेऊन आला त्या रात्री कंबर दुखत होती म्हणून त्याला खाली बसताच येईना, अर्धवट वाकायचा, थांबायचा, परत उभा राहायचा, शेवटी भिंतीला पाठ टेकवून हळूहळू घसरत बसला आणि मोठा उसासा टाकला. रेस्क्यूच्या मेडिकल बाई त्या रात्री फोनवर होत्या, पेनकिलर किती वाजता, श्वास मिनिटाला किती मोजायचे, कोणत्या आकड्याला इमर्जन्सीत न्यायचं, त्यांनी सगळं आधी लिहून दिलं होतं. औषधं, इंजेक्शनं, एक्सरे, क्रेट, खाणं, आमचा एक डॉलर लागला नाही. या बाबतीत त्यांना पैकीच्या पैकी.

सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. पहिले दोन दिवस म्हणाल्या, अगं एवढा खर्च एका कुत्र्यासाठी, ही अमेरिकन थेरं. मी म्हटलं आई, थेरं म्हणाल तर आपल्या मुंबईत १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मोकळी कुत्री मारायला एका कुत्र्यामागे आठ आणे लावले होते तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती, दंगा झाला होता, पोलिसांना मार पडला होता, तेव्हा इथे अमेरिकेत कोणी नो-किल हा शब्द पण ऐकला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशीपासून दुपारी क्रेटजवळ खुर्ची टाकून जप करायला बसायला लागल्या आणि तो त्यांच्या पायाशी नाक लावून झोपायचा. व्हेट नंतर म्हणाली की याचा आराम अगदी नीट झालाय, आणि त्यातला मोठा वाटा त्यांचाच.

आता अवघड भाग. नो-किल म्हणजे कधीच कोणालाच इंजेक्शन देत नाहीत असा तुमचा समज असेल तर तो आधी दूर करा, आणि जी रेस्क्यू तसं सांगते तिच्यापासून जरा सांभाळून. ज्याच्या वेदना थांबवता येत नाहीत, किंवा जो माणसांसाठी खरोखर धोकादायक आहे आणि सुधारायचे सगळे उपाय झालेत, त्याच्यासाठी तो रस्ता नो-किलच्या व्याख्येतच धरलेला आहे, ९० टक्के सोडून उरलेले दहा टक्के म्हणजे ढोबळमानाने तेच. फक्त जागा नाही, पैसे नाहीत, कंटाळा आला म्हणून मारायचं नाही.

आमच्या रेस्क्यूत असा एक प्रसंग आला. दुसऱ्या एका फॉस्टरकडे मोठा मॅस्टिफ मिक्स होता, घरातल्या माणसाला चावला, नीट खोल. त्यांनी त्याला त्याच दिवशी बिहेवियरवाल्या व्हेटकडे नेलं, दुखणंबिखणं काही आहे का बघितलं, औषध सुरू केलं, घरात लहान मूल नसलेल्या अनुभवी फॉस्टरकडे हलवलं, मझलची (तोंडाला बांधायच्या जाळीची) सवय लावली, ट्रेनर लावला. काही महिने गेले. परत चावला, यावेळी काहीही कारण नसताना, खोलीत नुसतं चालत गेलेल्या माणसाला. मग त्यांनी निर्णय घेतला. आणि आम्हा सगळ्या फॉस्टर्सना स्पष्ट ईमेल आला, काय काय केलं, कोणी काय सल्ला दिला, दुसऱ्या राज्यातल्या सँक्चुअरींना (प्राण्यांना कायमचं सांभाळणाऱ्या जागांना) विचारलं त्यांनी काय सांगितलं, कोणत्या दिवशी होणार आहे, ज्याला निरोप घ्यायचाय त्याने यावं. फॉस्टर बाई शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसून होत्या. ग्रुपमधल्या काही जणी चिडून सोडून गेल्या, तुम्ही स्वतःला नो-किल कसं म्हणवता म्हणून. मला त्यांचा राग समजतो, पण मी त्या बाजूची नाही. त्याला चावल्याचं लपवून कोणाच्या तरी घरी ॲडॉप्शनला देता आलं असतं, असं होतं, मी ऐकलेलं आहे, किंवा उरलेलं आयुष्य केनेलमध्ये डांबता आलं असतं आणि आकडा शंभर टक्के राहिला असता. यांनी आकड्यापेक्षा कुत्र्याकडे आणि शेजाऱ्यांच्या पोरांकडे बघितलं, आणि केलं ते लपवलं नाही. मी यांच्याकडे टिकले त्याचं सगळ्यात मोठं कारण तो ईमेल आहे.

ॲडॉप्शनचं काम चांगलं आहे. नसबंदी, लसी, मायक्रोचिप झाल्याशिवाय कुत्रा जात नाही, करारात लिहिलेलं असतं की काहीही कारणाने नको झाला तर तो रेस्क्यूकडेच परत यायचा, शेल्टरला द्यायचा नाही, इंटरनेटवर विकायचा नाही, दहा वर्षांनी सुद्धा. चिपवर रेस्क्यूचा नंबर कायम राहतो, त्यामुळे कुठे सापडला तर त्यांना फोन जातो. आणि कोणाकडे जाणार यात फॉस्टरचं मत धरतात, नुसतं विचारायचं म्हणून नाही. काळूसाठी एक कुटुंब आलं, घर झकास, पण दिवसाचे दहा तास कोणी नसणार होतं आणि त्याला एकटं सोडलं की तो दार खरवडायचा, मी नको म्हटलं आणि त्यांनी ऐकलं. नंतर एक रिटायर्ड जोडपं आलं, तिथे तो गेला. रडू आलंच. पण त्याची जागा मोकळी झाली म्हणून त्याच आठवड्यात यादीतून अजून एक निघाली, आणि फॉस्टरचा अर्थच तो, तुम्ही सोडला नाहीत तर पुढचा आत येऊ शकत नाही.

अर्धा स्टार कुठे गेला. एक, मेडिकल सोडून बाकी गोष्टींना उत्तर यायला फार वेळ लागतो. ॲडॉप्शनचे फोटो कधी टाकणार, इव्हेंटला आणायचा का, अशा साध्या मेसेजला दोन-तीन दिवस. दोन, सुरुवातीला सांगतात थोडेच दिवस ठेवायचाय, ते थोडे दिवस जवळपास कधीच थोडे नसतात, हे आधीच मोकळेपणाने सांगायला हवं कारण लोक त्या हिशोबाने भारताची तिकिटं काढतात. तीन, आणि हे मला खरंच खटकतं, ॲडॉप्शनच्या फॉर्मवर कुंपण असलेलं अंगण जवळपास सक्तीचं केलंय. अपार्टमेंटमध्ये राहणारी, रोज दोनदा चालायला नेणारी माणसं यात बाद होतात आणि अंगणात सोडून विसरून जाणारी पास होतात. एकीकडे जागा नाही म्हणून कुत्र्यांना नाही म्हणायचं आणि दुसरीकडे चांगली घरं कागदावरून उडवायची, हे नो-किलला धरून नाही. मी त्यांना लिहिलंय, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी आता ती अट काढलीय, बाकीच्यांसाठी बघू म्हणाले.

आपल्यातल्या कोणाला करायचं असेल तर थोडं कामाचं. भाड्याने राहत असाल तर आधी लीज वाचा, बऱ्याच कॉम्प्लेक्समध्ये ब्रीड आणि वजनाची अट असते आणि फॉस्टर कुत्रा पण पेट म्हणूनच धरतात, डिपॉझिट मागतात. पगारबिगार नाही, पण खर्च रेस्क्यूचा. घरी शाकाहार असला तरी अडत नाही, कोरडं खाणं तेच आणून देतात. घरात कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट त्याच्या तोंडाला लागणार नाही एवढं बघा, प्रसादाचा शिरा पण नको कारण त्यात बेदाणे असतात. पहिले काही दिवस पाहुणे बोलवू नका, कुत्रा नुसता झोपतो किंवा कोपऱ्यात बसतो, होऊ द्या, त्याला हात लावायला पोरांची रांग लावू नका. लहान मुलं असतील तर फॉर्मवर स्पष्ट लिहा, त्याप्रमाणे कुत्रा देतात. आणि पूर्ण फॉस्टर जमत नसेल तर वीकेंडची फॉस्टर आहे, कोणी गावाला गेलं तर तेवढ्यापुरता सांभाळायचा, किंवा नुसतं ट्रान्सपोर्ट, एका शनिवारी सकाळी गाडी काढून काउंटीच्या शेल्टरमधून कुत्रा आणायचा. सध्या त्यांना मोठ्या कुत्र्यांसाठी घरं हवीत आणि डिसेंबरमध्ये जी मंडळी भारतात जात नाहीयेत ती जास्त हवीत, कारण त्या महिन्यात निम्मे फॉस्टर बाहेर असतात आणि शेल्टरची यादी काही थांबत नाही.